दुधी पाण्याचं शेपूट

यंत्रांना स्वभाव असतो असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. माझी निम्मी हयात यंत्रांचे स्वभाव मोजण्यात गेली आणि माणसांपेक्षा ती बरी, एवढं मी शपथेवर सांगेन. यंत्र आपला दोष लपवत नाही. त्याला नीट विचारावं लागतं, इतकंच.

आमच्या वर्कशॉपमध्ये प्राणवायू मोजायची मीटरं बनतात. मुठीत मावणारी, कमरेला अडकवायची. मीटरच्या टोकाला एक टोपी असते आणि टोपीच्या आत लाल रंगाचा पातळ थर. निळा दिवा त्या थरावर क्षणभर चमकतो, थर उजळतो आणि विझतो. आजूबाजूला प्राणवायू भरपूर असेल तर थर चटकन विझतो, कारण त्याच्याजवळची ऊर्जा प्राणवायू हिसकावून घेतो. प्राणवायू कमी असेल तर थर रेंगाळत रेंगाळत विझतो. विझायला किती वेळ लागला ते मोजलं की हवा कशी आहे ते कळलं. हे सगळं पापणी लवायच्या आत हजारदा होतं.

अडचण अशी की मोजणाराही जरा रेंगाळतो. दिवा बंद केला म्हणजे तत्क्षणी बंद होत नाही, प्रकाश टिपणारा डोळा किंचित उशिरा जागा होतो, मागचं सर्किट आपल्या चालीनं चालतं. त्यामुळे पडद्यावर विझण्याची जी रेघ उमटते तिच्यात थराचं रेंगाळणं आणि मीटरचं स्वतःचं रेंगाळणं एकमेकांत मिसळलेलं असतं. कुणाचं किती, ते नुसत्या नजरेला कळत नाही.

म्हणून प्रत्येक नव्या मीटरचा स्वभाव आधी मोजायचा. लाल थराची टोपी काढायची, डोळ्यापुढची लाल काच काढायची, निळा दिवा गडद काचेनं मंद करायचा, नाहीतर डोळा दिपतो. आणि टोपीच्या जागी दुधी पाण्याची छोटी काचेची कुपी बसवायची. दुधी पाणी म्हणजे दूध नव्हे. वाळूच्या जातीचे फार बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. ते पाणी स्वतः उजळत नाही. आलेला प्रकाश आल्या पावली परत पाठवतं. त्याच्याकडून उशीर शून्य, तेव्हा पडद्यावर जो काही उशीर दिसेल तो सगळा मीटरचा. ती रेघ उंच, अरुंद, सुईसारखी यायला हवी. ती मीटरच्या पोटात साठवायची आणि पुढे प्रत्येक मोजणीतून त्यानं आपला तेवढा वाटा काढून टाकायचा. हिशेब वजाबाकीपेक्षा किचकट आहे, पण समजायला वजाबाकीच धरा.

आमच्या घरात हीच वजाबाकी माझ्यावर चालायची. मी काही म्हटलं की त्यातून आधी माझा स्वभाव काढून टाकायचा, आणि मग उरलंच काही तर ऐकायचं. गॅसची नळी जुनी झालीय म्हटलं की बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "पाच म्हणाली म्हणजे दोन धरा." गॅलरीचा कठडा हलतोय म्हटलं की आई म्हणायची, "तुझा जीव हलतोय, कठडा नाही." आणि धाकटा, माझा एकुलता एक भाऊ, त्यानं तर माझं नावच पाल ठेवलं होतं. हिच्या मनात सारखी शंकेची पाल चुकचुकते, म्हणून. फोन उचलला की पहिलं वाक्य, "बोल पाल, आज काय कोसळणार आहे?" मला संताप यायचा. पण खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा काहीच कोसळायचं नाही.

धाकटा मुकादम होता. गावाबाहेर तेलाच्या मोठमोठ्या लोखंडी टाक्या आहेत. रिकाम्या झाल्या की आतून खरवडून साफ कराव्या लागतात, ते काम त्याची टोळी करायची. बंद टाकी बाहेरून बिचारी दिसते. आत ओल असते, लोखंडाला गंज चढतो, आणि गंज चढायला प्राणवायू लागतो. बरेच दिवस बंद राहिलेल्या टाकीतली हवा गंजानं खाऊन टाकलेली असते. तिला वास नसतो, धूर नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस शिडीनं उतरतो, काही श्वास घेतो, त्याला कसं अगदी हलकं, मजेत वाटायला लागतं, आणि मग गुडघे जातात. हे मी त्याला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला पाठ झालं होतं. माझ्या आवाजाची नक्कल करून तो ते टोळीला ऐकवायचा आणि टोळी पोट धरून हसायची.

माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता. माझ्या मीटरवर मात्र डोळे मिटून. "आमच्या ताईच्या हातचं आहे," असं तो मीटर दाखवताना म्हणायचा, जसं एखाद्यानं घरच्या विणलेल्या स्वेटरबद्दल म्हणावं. त्याच्याकडचं जुनं मीटर म्हातारं झालं होतं आणि उगाच ओरडायचं. नवं दे म्हणून त्यानं माझ्यामागे लकडा लावला होता. नवा माल तयार व्हायचा होता आणि तेवढ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मी रजेवर गेले.

परत आले त्या सकाळी वर्कशॉपच्या अंधाऱ्या खोलीत नव्या मीटरांचा ट्रे भरून ठेवलेला होता. ही खोली मला कधीच आवडली नाही. भिंती काळ्या, दारावर काळा जाड पडदा, खिडकी नाही, आणि पंख्याची एकसुरी घरघर. बाहेर ऊन आहे की वादळ, आत पत्ता लागत नाही. प्रकाश मोजायचा तर अंधारातच बसावं लागतं, त्याला इलाज नाही. मी पर्स खुंटीला लावली आणि एका मीटरच्या पोटातली स्वभावाची रेघ पडद्यावर उघडली. काही संशय होता म्हणून नव्हे, सवय म्हणून.

सुई होती. उंच, अरुंद, हवी तशी. पण तिच्या पायथ्याशी उजवीकडे एक शेपूट पसरलं होतं. इतकं बुटकं की सहज बघणाऱ्याला जमीनच वाटावी. मी रेघ मोठी करून पाहिली. शेपूट लांबच लांब गेलं होतं, पडद्याच्या टोकापर्यंत. अशा शेपटांचा मला तिटकारा आहे. उंचीला सगळे बिचकतात, पण बुटकं काहीतरी लांबवर पसरलं की त्याची बेरीज सुईच्या बरोबरीला येते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. मी दुसरं मीटर उघडलं. तिथेही तेच.

"बाई, आल्या आल्या सुरू?" मागून घड्याळजी म्हणाले.

घड्याळजी आमचे प्रमुख. सेकंदाचे न दिसणारे तुकडे मोजण्यात जन्म घालवलेला हा माणूस स्वतः रोज उशिरा यायचा, म्हणून कुणीतरी चेष्टेनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पण कामात हयगय करणारा माणूस नव्हे. मला शिकवलं त्यांनीच.

"हे शेपूट कसलं?" मी विचारलं.

"नव्या दिव्यांचं. या वेळचे दिवे वेगळ्या ठिकाणाहून आलेत ना. बंद केले तरी जरासे उजळत राहतात. मीही आधी चमकलो. म्हणून मग एकूण एक मीटर मोजलं. सगळ्यांना आहे."

"सगळ्यांना?"

"अगदी सारखं. एका साच्यातून काढल्यासारखं. म्हणजे बघा, दिव्यांचा स्वभावच तो. आपण काढून टाकतोच की तो. त्यासाठीच तर ही मोजणी."

बोलणं बिनतोड होतं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण मला ते 'अगदी सारखं'च खटकलं. एका खोक्यातले दोन दिवे कधी सारखे नसतात. सख्खी भावंडं सारखी असतात का? एक जास्त रेंगाळेल, एक कमी. सगळ्यांना नेमकं एकच शेपूट असेल तर ते दिव्यांचं नव्हे. सगळ्यांच्या पुढ्यात जी एकच वस्तू ठेवली होती, तिचं.

"कुपी कुठली वापरलीत?"

"आपलीच की." मग ते थांबले. "म्हणजे, दुधी पाण्याची आपली कुपी तडकली हो. तुम्ही गेलात आणि दुसऱ्या दिवशी. नव्या कुप्या येईपर्यंत थांबायचं कशाला? लाल द्रावणाची होती ना, ती धुऊन घेतली. पाण्यानं, स्पिरिटनं, परत पाण्यानं. आरशासारखी झाली होती. मी उजेडात धरून बघितली, बाई."

लाल द्रावण म्हणजे टोपीतल्या थराचाच रंग, पाण्यात कालवलेला. मीटरांचे डोळे तपासायला आम्ही तो एका कुपीत ठेवायचो. तो काचेला चिकटतो. डोळ्यांना दिसत नाही, पण काचेत मुरून बसतो आणि साध्या धुण्यानं जात नाही. हे मला घड्याळजींनीच शिकवलं होतं. "बाई, या रंगाची कुपी म्हणजे लग्नाची बायको, दुसऱ्या कामाला द्यायची नाही," असं म्हणाले होते आणि स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसले होते. आता ते हसत नव्हते. त्यांचा हात टेबलावरच्या चष्म्यापाशी गेला आणि तिथेच राहिला.

काय झालं होतं ते सांगते. दुधी पाणी स्वतः उजळत नाही, या एका गोष्टीवर सगळी मोजणी उभी असते. या कुपीच्या काचेला रंग चिकटलेला होता, तो उजळत होता आणि रेंगाळत विझत होता. मीटरला वाटलं, हे रेंगाळणं आपलंच. आपलाच दोष. त्यानं तो इमानेइतबारे पोटात साठवला. आता पुढे खऱ्या टोपीतला थर रेंगाळला की मीटर म्हणणार, छे, हा तर माझाच स्वभाव, आणि तेवढं काढून टाकणार. उरेल ते चटकन विझणं. म्हणजे हवा उत्तम.

"पण उघड्या हवेत सगळी बरोबर दाखवतात," घड्याळजी हळूच म्हणाले. "मी प्रत्येक तपासलंय. वीस पॉइंट नऊ."

"ते तर दाखवणारच. आपणच वरचं टोक कापलंय ना."

ती आमची आणखी एक हुशारी. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली होती की मैदानात उभं राहून मीटर एकवीसच्या वर दाखवतं, ही काय चेष्टा आहे. मग चहाच्या टेबलावर ठरलं, हवेत वीस पॉइंट नऊ टक्क्यांपेक्षा जास्त प्राणवायू नसतोच, तर पडद्यानं त्याच्या वर जायचंच नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, वरचं टोक कापलं तर चूक दिसणार कुठून? सगळे म्हणाले, बाईंना आपली प्रत्येकात खोट. आता या मीटरांना मोकळ्या हवेत पंचवीस, तीस, काय वाट्टेल ते वाटत असेल. पडद्यावर वीस पॉइंट नऊच येणार. वाईट हवेतही तेच येणार.

"नायट्रोजनच्या पेटीत तपासलीत?" मी विचारलं. त्या पेटीत प्राणवायू जवळजवळ नसतो, तिथे खोटं मीटर लगेच पकडलं जातं.

"सिलिंडर संपलंय. परवा येतंय. त्याशिवाय माल बाहेर जाणारच नव्हता, बाई. शप्पथ. एकही मीटर बाहेर गेलेलं नाही." ते क्षणभर थांबले. "एक गेलंय."

"कुणाकडे?"

"तुमचा भाऊ आला होता. मी म्हटलं, शेवटची तपासणी राहिलीय, परवा या. तर म्हणाला, ताईच्या हातचं आहे ना, मग तपासायचं काय राहिलं? घेऊनच गेला. मला नाही म्हणवेना."

फोन माझ्या हातात होता. त्याचं नाव समोर होतं. आणि मी तो फोन लावला नाही.

का नाही लावला? कारण मला त्याचं हसणं ऐकू येत होतं. रजेत असताना मी त्याला तीनदा फोन केले होते. एकदा त्याच्या मोटरसायकलच्या टायरवरून, एकदा आईच्या गोळ्यांवरून, एकदा कशावरून ते आठवतही नाही. तिन्ही वेळा काही निघालं नव्हतं. आता पुन्हा फोन करून सांगायचं की तुझं मीटर खोटं आहे, बहुतेक, मला वाटतंय, एक शेपूट दिसतंय? तो म्हणाला असता, पाल, शेपूट तर तुलाच असतं. आणि फोन ठेवून आत उतरला असता. मला शंका नको होती, पुरावा हवा होता. त्यातून कुणाला काही वजा करता येणार नाही असा.

नव्या कुप्या आदल्या दिवशी आल्या होत्या. मी एक वेष्टनातून काढली. दुधी पाण्याची बाटली हलवली, कुपी भरली, बुडबुडे बसायची वाट बघितली. बुडबुडा राहिला तर रेघ बिघडते. घड्याळजी शेजारी उभे होते. मी ट्रेमधलं मीटर उचललं, टोपी काढली, लाल काच काढली, गडद काच लावली, कुपी बसवली, काळं कापड टाकलं. पडद्यावर ठिपके गोळा व्हायला लागले. आधी विरळ, मग दाट. सुई उभी राहिली. मी तिच्या पायथ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं असेल की शेपूट असू दे. दिव्यांचं असू दे. घड्याळजी खरे ठरू देत आणि मी पुन्हा एकदा मूर्ख ठरू दे.

शेपूट नव्हतं. पायथा स्वच्छ होता.

घड्याळजी खुर्चीवर बसले. मी दाराच्या पडद्याबाहेर आले, उजेडानं डोळे मिटले आणि तसाच फोन लावला. तो वाजत राहिला. कुणी उचलला नाही. परत लावला.

"बोल पाल. आईचा डोळा ठीक आहे ना?"

"तू कुठे आहेस?"

"टाकीवर. घाबरू नको, बाहेर आहे. तोंडापाशी."

"नवं मीटर वापरतोयस?"

"मग! काय गुणी मीटर आहे गं. जुनं मेलं सासूसारखं बोलायचं. हे चकार शब्द काढत नाही."

"बाहेर किती दाखवतं?"

"वीस पॉइंट नऊ."

"आत?"

"दोरीला बांधून सोडलं होतं खाली. वर वीस पॉइंट नऊ, मध्ये वीस पॉइंट नऊ, तळाला वीस पॉइंट नऊ. टाकी नाही गं, बगीचा आहे."

"किती दिवस बंद होती टाकी?"

"असेल बरेच दिवस. का?"

"धाकट्या, नीट ऐक. मीटर खोटं आहे. मी आत्ता मोजून बघितलंय. ते वीस दाखवतंय तिथे दहासुद्धा असू शकतील."

मी तयारीत होते. तो हसेल, मग मी ओरडेन, मग तो म्हणेल बरं बाई, मग मी म्हणेन आईची शपथ घे. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पण तो हसला नाही.

"नक्की?" त्यानं विचारलं. त्याचा हा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"नक्की."

"रंगारी आत उतरलाय," तो म्हणाला. "आत्ताच. मघाशी."

रंगारी म्हणजे त्याच्या टोळीतला एक जण. आधी भिंती रंगवायचा म्हणून ते नाव. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"दोर लावलाय त्याला? बाहेरून ओढा."

"दोर नाही लावला. मीटर चांगलं म्हणत होतं ना." आणि मग फोनपासून तोंड दूर करून त्यानं हाक मारली. टाकीच्या तोंडातून ती हाक पोकळ होऊन माझ्यापर्यंत आली. त्यानं पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही.

"तू उतरू नकोस," मी म्हणाले. "धाकट्या, तू उतरायचं नाही. श्वासाचे सिलिंडर घेऊन येणारी माणसं असतात ना तिथे, त्यांना बोलाव. पंखा लाव. तू उतरू नकोस, ऐकलंस?"

"ऐकलं गं ताई," तो म्हणाला. पाल नाही म्हणाला. आणि फोन कुणाच्या तरी हातात गेला.

"हॅलो?" दुसराच आवाज. टाकीच्या तोंडावर बसून आतल्यांवर लक्ष ठेवणारा गडी असतो, तो. "ताई, मुकादम उतरले."

मी ओरडले असेन. घड्याळजी पडदा बाजूला करून धावत आले.

"दोर घेऊन उतरलेत," तो सांगत होता. "श्वास कोंडून उतरलेत, ताई. रंगारी तळाला पडलाय. मुकादम त्याला बांधतायत. बांधला. ओढा म्हणून खूण करतायत. थांबा, ओढतो." फोन लोखंडावर ठेवल्याचा आवाज आला. मग नुसते हुंकार, पायांचे आवाज, कुणीतरी म्हणत होतं, हळू, डोकं सांभाळ. मी त्या आवाजांना कान चिकटवून उभी होते. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं आणि तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"आला! वर आला, ताई! श्वास आहे, श्वास आहे त्याला!"

"मुकादम?"

"येतायत. शिडीपाशी आलेत." मग तो थांबला. "बसले."

"उठायला सांग. ओरड."

तो ओरडला. "ऐकतायत, ताई. वर बघतायत. हात करतायत." आणि मग त्याच्या आवाजात एकदम हायसं वाटल्यासारखं आलं. "हसतायत हो ते. ठीक आहेत. हसतायत. मीटर कमरेलाच आहे, हवा ठीक असल्याचा हिरवा दिवा दिसतोय इथून."

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. तो का हसतोय हे त्या गड्याला कळत नव्हतं, मला कळत होतं.

"सिलिंडरवाले?"

"माणूस पळवलाय. ते पार पलीकडच्या टोकाला असतात. ताई, मी उतरू का? पंधरा-वीस पायऱ्या आहेत फक्त. मी श्वास कोंडून जातो आणि काखेत हात घालून आणतो. समोर दिसतायत ते मला."

त्याचा आवाज कोवळा नव्हता, म्हाताराही नव्हता. त्याच्या घरी कोण आहे, मला माहीत नव्हतं. आत उतरलेल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि मग बाहेर तीन चादरी अंथराव्या लागतात, हे मी धाकट्याला ज्या सुरात सांगायचे तो सूर माझ्याच कानात वाजत होता. माझा भाऊ धडधाकट, वजनदार माणूस होता. श्वास कोंडून त्याला कुणी एकटा शिडीवरून वर आणू शकला नसता.

"ताई? उतरू?"

"नको," मी म्हणाले.

"अहो, समोर दिसतायत."

"नको. तू उतरलास तर तूही तिथेच बसशील. दोराला फास कर आणि त्याच्या अंगावर टाक. हाताला अडकव म्हणून सांग. पंखा आत वळव. पण तू उतरायचं नाहीस."

त्यानं दोर ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं, ताई."

त्यानं फास टाकला. पुन्हा पुन्हा टाकला. धाकट्यानं दोर हातात धरला, त्याच्याशी खेळल्यासारखं केलं आणि सोडून दिला. मग तो आडवा झाला. हे सगळं त्या गड्यानं मला सांगितलं, कारण मी सांग म्हणत होते. सिलिंडरवाले आले तेव्हा त्यांनी त्याला काही मिनिटांत वर काढलं. पण तोवर उशीर झाला होता. रंगारी वाचला.

चौकशी झाली. घड्याळजींनी सगळं आपल्यावर घेतलं, कुपीचंही आणि मीटर देण्याचंही, आणि नोकरी सोडली. चौकशीला आलेल्या बाईंनी माझं बोलणं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, तुम्ही त्या माणसाला अडवलंत ते अगदी बरोबर केलंत, नाहीतर आज दोन मृत्यू असते. मी मान हलवली. बरोबर काय ते मला त्यांच्याकडून शिकायचं नव्हतं.

भावजयीकडे जायला मला धीर होत नव्हता. शेवटी गेले. तिनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही आणि जाऊ नको असंही म्हणाली नाही. घर आवरलेलं होतं. धाकट्याचे बूट दाराशी नव्हते, कुणीतरी आत उचलून ठेवले असावेत. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली. ती रागीट नाही, कधीच नव्हती. माझी नक्कल धाकटा करायचा तेव्हा तीच त्याला गप्प करायची.

"तो गडी येऊन गेला काल," ती म्हणाली. "तोंडावरचा. रडत होता. म्हणाला, मी उतरत होतो, ताईंनी नको म्हटलं."

"हो," मी म्हणाले. "मी म्हटलं."

"त्याला दिसत होते हे."

"हो."

तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, उठली, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं.

"ताई, एरवी तुमचं कुणी कधी ऐकलं नाही. मग त्यानंच कसं ऐकलं हो?"